इंग्रजी कच्ची म्हणजे बुद्धि कच्ची नव्हे

(खेड्यांतील एका हायस्कुलांत पालक व शिक्षक यांच्या सभेपुढें झालेलें भाषण. आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांच्या घरोघरीं याच प्रश्नाची चर्चा चालू असल्यामुळें तें येथें सबंध देत आहों.)



आम्हांस येथें बोलावणाऱ्या मंडळींनीं सांगितलें कीं, गांवांतील आईबापांचा सध्यां एकच प्रश्न आहे : पोराला 'सेमी'ला घालावें कीं न घालावें ? सेमी म्हणजे काय हें तुम्हांस ठाऊक आहेच. बाकीचे विषय मराठींतून, आणि गणित व विज्ञान हे दोन मात्र इंग्रजींतून. शेजारच्या गांवच्या शाळेनें सेमी सुरू केलें कीं आमच्या शाळेचा पट उतरतो, आणि मग आमची शाळाही पाटीवर 'सेमी' असें रंगवून घेते. पाटी रंगविणें सोपें आहे. त्या पाटीच्या आंत बसलेल्या पोराच्या डोक्यांत उजेड पडतो कीं अंधार, तें कोणी पाहत नाहीं. आज आपण तेंच पाहूं.

आरंभींच आम्हांला आमचा स्वतःचा एक गुन्हा कबूल करावयाचा आहे. दुसऱ्याचीं उणीं काढण्यापूर्वीं आपली चूक चारचौघांत सांगावी, हें बरें.

आम्हीं पुष्कळ वर्षें खेड्यांतल्या शाळेंत विज्ञान शिकविलें. पंधरा-सोळा वर्षांपूर्वींची गोष्ट. आठवीच्या सेमीच्या वर्गांत एका लोहाराची मुलगी होती. सहामाहींत प्रश्न होता : आगगाडीच्या रुळांमध्यें फट कां ठेवतात ? प्रश्न इंग्रजींत, आणि उत्तरही इंग्रजींतच पाहिजे. त्या मुलीनें उत्तराच्या जागीं दोन शब्द लिहिले, तेही चुकीच्या स्पेलिंगचे, आणि खालीं एका गाडीच्या चाकाचें चित्र काढलें. रुळांच्या प्रश्नाला चाकाचें चित्र ! पोरीला प्रश्नच समजला नाहीं असें ठरवून आम्हीं लाल शाईनें शून्य दिलें. इतकेंच नव्हे, तर वर्गांत तो पेपर वर धरून थट्टा केली. सगळीं पोरें हंसलीं. ती हंसली नाहीं.

पुढें उन्हाळ्यांत विळ्याला पाणी देऊन घेण्यासाठीं आम्ही तिच्या बापाच्या भट्टीवर गेलों. तेथें बैलगाडीच्या चाकावर धाव चढविण्याचें काम चाललें होतें. आतां रबरी टायरच्या गाड्या आल्या, म्हणून येथें बसलेल्या मुलांसाठीं सांगतों. धाव म्हणजे लाकडी चाकावर बसवावयाची लोखंडी पट्टी. ती मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान करितात. मग गोवऱ्यांच्या जाळांत लाल होईपर्यंत तापवितात. तापून ती वाढली कीं उचलून चाकावर बसवितात आणि वरून पाणी ओततात. निवतांना ती आवळते आणि सगळें चाक मुठींत धरल्यासारखें घट्ट होतें. ती पोरगी पाण्याची घागर घेऊन उभी होती. आम्हीं सहज विचारलें, "धाव लहान कां करतात गं ?" तिनें एका दमांत उत्तर दिलें, "गुरुजी, लोखंड तापलं की वाढतं, निवलं की आवळतं. लहान नाही केली तर निवल्यावर ढिली राहील. रुळाचंबी तसंच. जागा नाही ठेवली तर उन्हात वाढून वाकंल. तेच तर मी पेपरात काढलं होतं."

बंधूंनो, आमची मान खालीं गेली. तिला उष्णतेनें होणारें प्रसरण नुसतें ठाऊक नव्हतें, तर तें एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूला लावतां येत होतें. विज्ञान म्हणतात तें हेंच. पुस्तकांतलें गणित करून पाहा. एक मीटर लोखंड शंभर अंश तापलें तर सुमारें १.२ मिलिमीटर वाढतें. चार मीटर घेराची धाव पांचशें अंशांनीं तापली तर सुमारें २४ मिलिमीटर वाढेल, म्हणजे सव्वा बोट. तिचा बाप तें सव्वा बोट डोळ्यानें मोजत होता, आणि पोरगी त्याचें कारण सांगत होती. मग शून्य कोणाला मिळावयास पाहिजे होतें ? आम्हांला. कारण आम्ही पेपर विज्ञानाचा म्हणून काढला आणि तपासला मात्र इंग्रजीचा म्हणून. धान्य मोजावयास बसलेल्या माणसानें हातांत गज घ्यावा, आणि धान्य मोजतां येईना म्हणून खळ्यालाच नांवें ठेवावीं, असला तो प्रकार झाला.

दहावी झाल्यावर त्या मुलीनें विज्ञान घेतलें नाहीं. "इंग्रजी जमत नाही," इतकेंच ती म्हणाली. त्यांत आमच्या शून्याचा वाटा किती, हें आम्ही जाणतों.

ही एकट्या आमच्या गांवची गोष्ट असती तर तुमचा वेळ घेतला नसता. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहरांत चिनी कुटुंबांचीं सुमारें अठराशें मुलें अशीं होतीं कीं त्यांना इंग्रजी येत नव्हती, आणि शाळा त्यांना वेगळी मदत कांहीं देत नव्हती. पुस्तकें तींच, मास्तर तेच, बांक तेच. शाळेचें म्हणणें असें कीं आम्ही सर्वांना सारखें वागवितों. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. इ. स. १९७४ मध्यें न्यायाधीशांनीं एकमतानें शाळेविरुद्ध निकाल दिला. भाषा न समजणाऱ्या मुलापुढें तेंच पुस्तक ठेवणें ही समता नव्हे, असा त्या निकालाचा भावार्थ आहे. आमच्याकडे हें सांगण्यास न्यायाधीश लागूं नये. विहिरीवर सर्वांना पाणी खुलें आहे असें म्हणावयाचें, आणि दोर मात्र एकाच्याच हातांत ठेवावयाचा, ही समता आमच्या लोकांनीं पुष्कळ पिढ्या पाहिली आहे.

आतां कोणी म्हणेल, "गुरुजी, पोरगं मोबाइलवर इंग्रजी गाणीं ऐकतं, थँक्यू सॉरी म्हणतं. त्याला इंग्रजी येतें कीं !" येथेंच आपण फसतों. कॅनडांतील जिम कमिन्स या पंडितानें इ. स. १९७९ मध्यें एक भेद दाखवून दिला. बाजारांत बोलण्याची भाषा एक, आणि वर्गांत विचार करण्याची भाषा दुसरी. परदेशांतून कॅनडांत आलेल्या मुलांचा अभ्यास करून त्यानें पुढें सांगितलें कीं, बोलण्यापुरती इंग्रजी सुमारें दोन वर्षांत येते; पण अभ्यासाच्या इंग्रजींत बरोबरीच्या मुलांस गांठावयास पांच ते सात वर्षें लागतात. आणि तीं मुलें कशीं ? रस्त्यावर इंग्रजी, दुकानांत इंग्रजी, खेळांत इंग्रजी. आमच्या पोराच्या कानावर इंग्रजी पडते ती तासापुरती. तीही ज्या मास्तरांच्या तोंडून पडते, ते स्वतः विज्ञान मराठींत शिकलेले असतात. मास्तरांना दोष देत नाहीं. त्यांनाही कोणीं तयार केलें नाहीं. सरकारी कागदावर भाषा एका रात्रींत बदलते, माणसाच्या जिभेवर बदलत नाहीं.

मग वर्गांत काय होतें ? मास्तर पुस्तकांतलें वाक्य इंग्रजींत वाचतात, पोरें माना डोलवितात, घरीं गाईडमधलें उत्तर घोकतात, आणि परीक्षेंत तें ओकतात. प्रश्नांतला एक शब्द बदलला कीं सगळा डोलारा कोसळतो. पाठांतरानें विद्या येते ही समजूत आमच्या देशांत जुनी आहे. अर्थ न कळतां म्हटलेल्या मंत्रानें पूर्वीं आमचें काय भलें झालें, तें तुम्ही जाणतां. तोच मंत्र आतां इंग्रजींत म्हणून घेतला, तर तो विज्ञान होत नाहीं.

अडतें कोठें, तेंही पाहूं. पुष्कळांस वाटतें कीं मोठे मोठे शास्त्रीय शब्द अडवितात. तसें नाहीं. मोठा शब्द पोरगें एकदां पाठ करितें आणि ओळखतें. अडवितात ते ओळखीचे वाटणारे शब्द. 'वर्क' म्हणजे काम, हें पोराला ठाऊक. पण पुस्तक म्हणतें कीं, पन्नास किलोचें पोतें पाठीवर घेऊन हमाल तासभर जागच्या जागीं उभा राहिला, तर त्यानें पोत्यावर केलेलें वर्क शून्य. आणि तेंच पोतें सरळ एक मीटर वर उचललें, तर तें सुमारें ४९० जूल. हमालाच्या पोराला हें ऐकून हंसूं येईल नाहीं तर राग येईल. येथें 'वर्क' या शब्दाचा अर्थ वेगळा ठरविला आहे, हें त्याला सांगितलेंच पाहिजे. 'सोल्यूशन' म्हणजे गणितांत उत्तर आणि रसायनांत द्रावण. 'सेल' म्हणजे दुकानांतला सेल, बॅटरींतला सेल आणि शरीरांतली पेशीही. एका शब्दाच्या तीन वाटा. पोरगें चुकलें तर दोष कोणाचा?

त्याहून लहान शब्द तर कांट्यासारखे. 'अनलेस', 'देअरफोर', 'रिस्पेक्टिव्हली'. या शब्दांत सगळें कारण आणि कार्य अडकलेलें असतें. 'असें झाल्याशिवाय तसें होत नाहीं,' हें मराठींत पांच वर्षांचें पोरही म्हणतें. 'अनलेस' आला कीं आठवीचें पोरगें अर्थ उलटा लावतें, आणि आपण म्हणतों कीं त्याला विज्ञान जमत नाहीं.

या ठिकाणीं आम्हांला एका लोहाराच्या मुलाची आठवण करून द्यावीशी वाटते. मायकेल फॅरडे. इ. स. १७९१ मध्यें इंग्लंडांत एका गरीब लोहाराच्या घरीं जन्मला. शाळा जेमतेम. पुस्तकें बांधणाऱ्या कारागिराकडे सात वर्षें उमेदवारी केली, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून शिकला. इ. स. १८३१ मध्यें त्यानें चुंबक आणि तारेचें वेटोळें यांपासून वीज उत्पन्न करून दाखविली. कोयनेच्या पाण्यावर किंवा कोळशाच्या वाफेवर जी वीज आज तयार होते, ती त्याच तत्त्वानें. या माणसाला उच्च गणिताची भाषा येत नव्हती. त्यानें पाहिलेलें आणि ओळखलेलें पुढें मॅक्सवेल या पंडितानें गणितांत मांडलें. पुढें विजेनें पाण्यांतले पदार्थ कसे फुटतात हें शोधतांना फॅरडेला नवीन वस्तूंना नांवें सुचेनात. तेव्हां त्यानें व्हेवेल नांवाच्या विद्वानास पत्र लिहून शब्द मागविले. 'अ‍ॅनोड', 'कॅथोड', 'आयन' हे शब्द इ. स. १८३४ मधले, आणि ते ग्रीक भाषेंतून घडविलेले. म्हणजे हे शब्द इंग्रजांच्या पोरालाही घरचे नाहींत ! फॅरडेच्या हातीं वस्तु आधीं आली, शब्द मागून आला. आम्ही मात्र आमच्या पोरांना शब्द आधीं देतों आणि वस्तु कधींच देत नाहीं.

आतां दुसऱ्या बाजूचेंही बोललें पाहिजे. नाहीं तर आम्ही इंग्रजीवर राग काढतों असें वाटेल. मराठींत विज्ञान आलें म्हणजे तें आमच्या पोरांना आपोआप समजेल, हेंही खरें नाहीं. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द कोणत्या कुणब्याच्या घरीं बोलतात ? 'बाष्पीभवन' कोणत्या कुंभारवाड्यांत ऐकूं येतें ? इंग्रजांनीं ग्रीकांकडून शब्द आणले, आमच्या विद्वानांनीं संस्कृतांतून आणले. त्या शब्दांना आमची ना नाहीं. अचूक बोलण्यास ते लागतात. पण आमच्या शेतांत आणि भट्टीवर जे शब्द अगोदरच जिवंत आहेत, ते पुस्तकाच्या दाराबाहेर कां ? 'वाफसा' पाहा. जमिनींत ओल आणि हवा दोन्हीं बेताचीं असलीं कीं वाफसा आला असें शेतकरी म्हणतो, आणि मगच पाभर धरतो. मातीच्या कणांमधल्या पोकळींतून जास्तीचें पाणी निथळून गेलें, पिकाला लागेल तेवढें पाणी राहिलें आणि मुळांना श्वासापुरती हवा मिळाली, ही सगळी मृदाशास्त्राची प्रकरणें त्या एका शब्दांत आहेत. 'बेवड' पाहा. हरभऱ्याचा बेवड चांगला, हें आमच्या आज्यांना ठाऊक होतें. कडधान्याच्या मुळांवरच्या गांठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतला नायट्रोजन धरून पिकास देतात, हें जर्मनींत हेलरीगेलनें इ. स. १८८६ मध्यें सिद्ध केलें. आजीला कारण ठाऊक नव्हतें, अनुभव होता. मास्तरानें बेवडापासून आरंभ केला, तर पोरगें म्हणेल, "हें तर आमच्या घरचेंच !" आणि घरचें वाटलेलें ज्ञान पोर सोडीत नाहीं. विरजण लावणारी आई, विळ्याला पाणी देणारा बाप, कातडें कमावणारा आजा, हे सारे विज्ञानाच्या तासाचे बिनपगारी मास्तर आहेत. त्यांना आजवर वर्गांत कोणीं बोलावलें नाहीं, इतकेंच.

आणि आमच्या पोरांत सगळ्यांचीच घरची भाषा पुस्तकी मराठी कोठें आहे ? नंदुरबारकडे भिली व पावरी, मेळघाटांत कोरकू, गडचिरोलींत गोंडी व माडिया, तांड्यावर गोरमाटी, खानदेशांत अहिराणी. अशा पोराला पुस्तकी मराठी ही दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. जुन्या हैदराबाद संस्थानांत इ. स. १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें, आणि तेथें वैद्यकासकट सारीं शास्त्रें उर्दूंतून शिकविलीं. देशी भाषेंत उच्च शास्त्र शिकवितां येतें, हें त्यामुळें सिद्ध झालें. पण त्याच संस्थानांतल्या मराठवाड्याच्या मराठी पोराला ती उर्दूही परकीच होती. बोध असा कीं, भाषा देशी आहे कीं विलायती एवढेंच पाहून भागत नाहीं. ती त्या पोराची आहे कीं नाहीं, तें पाहिलें पाहिजे.

हा वाद नवा नाहीं. मुंबईच्या शिक्षण मंडळांत इ. स. १८४७ च्या सुमारास याच प्रश्नावर मोठी खडाजंगी झाली. अध्यक्ष पेरीसाहेब इंग्रजीच्या बाजूचे. कर्नल जर्व्हिस आणि नाना शंकरशेट देशी भाषेच्या बाजूचे. वरच्या थोड्यांस उत्तम इंग्रजी शिकवावें, म्हणजे विद्या खालीं आपोआप झिरपेल, अशी त्या काळीं पुष्कळ साहेबांची समजूत होती. ती किती झिरपली, हें जोतीराव फुल्यांनीं इ. स. १८८२ मध्यें हंटर कमिशनापुढें स्पष्ट सांगितलें : सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि विद्या वरच्या वर्गाच्या घरीं. आजचा प्रश्न त्याच प्रश्नाचा नातू आहे. फरक इतकाच कीं, आज पोराला वर्गांत जागा मिळते; समजण्याची सोय मिळत नाहीं.

येथें तुमच्या मनांत एक संशय आला असेल, आणि तो रास्त आहे. "गुरुजी, मातृभाषेचा उपदेश आम्हांलाच कां ? उपदेश करणाऱ्या मंडळींचीं पोरें तर शहरांत इंग्रजी शाळेंत !" होय, तुमचा संशय शंभर हिश्श्यांनीं खरा आहे. व्यासपीठावर मराठीचे गोडवे गावयाचे आणि आपल्या नातवाला पहिल्या दिवसापासून इंग्रजी शाळेंत पाठवावयाचें, अशीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतों : इंग्रजी आपल्या पोरांना आलीच पाहिजे, आणि चांगली आली पाहिजे. अकरावी-बारावीचें विज्ञान, इंजिनिअरिंग, डॉक्टरकी यांचीं बहुतेक पुस्तकें आज इंग्रजींतच आहेत. नीट ही डॉक्टरकीची परीक्षा इ. स. २०१७ पासून मराठींतही देतां येते. पण पुढें कॉलेजांत गेल्यावर इंग्रजी आहेच. आपल्या पोरांना इंग्रजीपासून दूर ठेवणारा मनुष्य आपला मित्र नव्हे. परंतु इंग्रजी शिकण्याची सगळी किंमत विज्ञानानें कां द्यावी ? पोहावयास शिकवितों म्हणून पोराच्या पाठीवर दप्तर बांधून त्याला विहिरींत टाकावें, तसें हें चाललें आहे. पोहणें राहतें बाजूला, दप्तरही भिजतें.

मलेशिया देशानें हा प्रयोग सबंध देशभर करून पाहिला. इ. स. २००३ पासून तेथें गणित व विज्ञान इंग्रजींतून शिकवूं लागले. खेड्यांतलीं मुलें मागें पडतात, आणि मास्तरांनाच इंग्रजी पुरी येत नाहीं, असें दिसून आल्यावर इ. स. २००९ मध्यें सरकारनें तो बेत मागें घेण्याचें ठरविलें, आणि २०१२ पासून टप्प्याटप्प्यानें मुलांच्या भाषा परत आणल्या. पुढें २०१६ मध्यें, ज्या शाळांची खरोखर तयारी आहे त्यांना इंग्रजीची वाट पुन्हा मोकळी केली. तयारी आधीं आणि पाटी मागून, हा धडा त्यांना मोठी किंमत देऊन मिळाला. आम्हांला तो फुकट मिळतो आहे, घ्यावा.

मग करावें काय ? शिक्षकबंधूंनो, आमच्या चुकांतून आम्ही जें शिकलों, तें सांगतों. पटलें तर घ्या.

पहिलें, आधीं वस्तु दाखवा. बाष्पीभवनाचा धडा आहे ना ? कुंभाराकडून दोन सारखे माठ आणा. एक कोरा ठेवा, दुसऱ्याला बाहेरून ऑइलपेंट द्या. दोन्हींत पाणी भरून सांवलींत ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीं थर्मामीटर घालून पाहूं द्या. कोऱ्या माठाचें पाणी गार, रंगविलेल्याचें नाहीं. कां ? पोरांना आपल्या बोलींत भांडूं द्या. कुंभाराचें पोर वर्गांत असेल तर तें सांगेल कीं रंगानें माठाचीं भोकें बुजलीं. त्या दिवशीं तें पोर वर्गाचा राजा होईल.

दुसरें, मग मराठी शब्द द्या. पाणी बारीक छिद्रांतून बाहेर झिरपतें, त्याची वाफ होते, आणि वाफ होतांना एक ग्रॅम पाणी सुमारें २४०० जूल उष्णता घेऊन जातें. उरलेलें पाणी म्हणून गार. यालाच बाष्पीभवन म्हणावें.

तिसरें, शेवटीं इंग्रजी शब्द : 'इव्हॅपोरेशन', 'पोअर', 'कूल'. एका तासाला तीन-चार शब्द पुरेत, विसांची यादी नको. वहींत चार रकाने आंखा : चित्र, घरचा शब्द, पुस्तकी मराठी शब्द, इंग्रजी शब्द. मग एक इंग्रजी वाक्य सर्वांनीं मिळून म्हणावें आणि लिहावें, आणि तेंच वाक्य धुतलेलें कापड, घाम, सारवलेलें अंगण यांना लावून पाहावें. अशा रीतीनें विज्ञानाच्या तासाला इंग्रजीही शिकून होते. कारण अर्थ आधींच हातीं असतो आणि शब्दाला बसावयास जागा असते.

चौथें, पेपर तपासतांना दोन माप वापरा. विज्ञान समजलें कीं नाहीं हें एक, इंग्रजी बरोबर कीं नाहीं हें दुसरें. पोरानें चित्र काढून नांवें दिलीं, मराठी-इंग्रजी मिसळून कारण सांगितलें, तर विज्ञानाचे गुण द्या आणि इंग्रजी बाजूला दुरुस्त करा. शाळेच्या घरच्या परीक्षांत एवढें तरी आपल्या हातांत आहे. बोर्डाच्या पेपराला सगळें इंग्रजींत लिहावें लागेल, हें खरें. त्यासाठीं नववी-दहावींत लिहिण्याचा सराव द्या. पण समजलेलें इंग्रजींत लिहावयास शिकणें ही एक गोष्ट, आणि न समजलेलें घोकणें ही दुसरी.

आणि मुलींकडे नीट लक्ष द्या. चुकीच्या इंग्रजीला हंसें होतें म्हणून ती बोलत नाहीं, बोलत नाहीं म्हणून तिला येत नाहीं असें ठरतें, आणि येत नाहीं म्हणून तिला लग्नाच्या वाटेला लावतात. आमच्या वर्गांतलें तें एक हंसें आम्हांला अजून ऐकूं येतें.

आतां आईबापांनो, तुम्हांला. पोर शाळेंतून आलें कीं "इंग्रजी बोलून दाखव," असें म्हणूं नका. "आज काय पाहिलंस ? कां तसं झालं ?" असें आपल्या बोलींत विचारा. कां, हें त्याला सांगतां आलें नाहीं, तर पाटीवर सेमी असो वा नसो, शाळेंत कांहीं तरी बिघडलें आहे असें समजा. तुम्हांला इंग्रजी येत नाहीं म्हणून शरमूं नका. जगदीशचंद्र बोस यांचे वडील मोठे सरकारी अधिकारी होते. इंग्रजी शाळा त्यांना परवडत होती. तरी त्यांनीं मुलाला आधीं गांवच्या बंगाली शाळेंत घातलें. तेथें कोळ्याकुणब्यांच्या पोरांशेजारीं बसून झाडाझुडपांच्या आणि जलचरांच्या गोष्टी ऐकल्या, त्यांतून आपली जिज्ञासा जागी झाली, असें बोस पुढें सांगत. वनस्पतींवरच्या त्यांच्या प्रयोगांनीं विलायतेंतले पंडित चकित झाले, हें तुम्ही जाणतांच.

शिवाय तुमच्या हातांत कायदा आहे. इ. स. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद आईबाप असले पाहिजेत. शिकविण्याची भाषा होतां होईल तों मुलाची मातृभाषा असावी, असेंही तो कायदा म्हणतो. इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत विज्ञान व गणित यांचीं दोन भाषांतलीं पुस्तकें व्हावींत, म्हणजे मुलांना घरच्या भाषेंत आणि इंग्रजींत दोन्हींत विचार करतां येईल, असें लिहिलें आहे. लिहिलेलें मागितल्याशिवाय मिळत नाहीं. समितीच्या सभेला अंगठा उठवावयास जाऊं नका, विचारावयास जा. सेमी सुरू करतांना तीन गोष्टी विचारा : शिकविणाऱ्या मास्तरांची तयारी कोण करून घेणार ? पोरांच्या हातीं मराठी पुस्तकही देणार कीं नाहीं ? आणि प्रयोगाचें कपाट उघडणार कीं त्याला कुलूपच राहणार ? या तिहींचें उत्तर चांगलें मिळालें, तर खुशाल सेमीला घाला. न मिळालें, तर पाटीला भुलूं नका. मराठींतून विज्ञान पक्कें करा, इंग्रजी हा विषय स्वतंत्र जोरानें शिकवून घ्या, आणि अकरावीला जाण्यापूर्वींच्या सुट्टींत विज्ञानाच्या इंग्रजी शब्दांची ओळख करून देणारा वर्ग शाळेकडे मागा.

बंधुभगिनींनो, विळ्याला पाणी देण्याचा विचार करा. पोलाद तापवावें लागतें, योग्य वेळीं पाण्यांत बुडवावें लागतें. पुरतें तापण्यापूर्वींच बुडविलें तर धार येत नाहीं. आमच्या पोरांच्या बुद्धीचें पोलाद चांगलें आहे. ताव यावयाच्या आधींच आपण तें बुडवितों, आणि मग पोलादालाच दोष देतों.

त्या लोहाराच्या मुलीची गोष्ट अर्धी राहिली. ती आतां आमच्याच तालुक्यांत सासरीं आहे, आणि तिची मुलगी पुढल्या वर्षीं पांचवींत जाईल. मागल्या महिन्यांत बाजारांत भेट झाली. आम्हीं तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या गुरुजी, झालं ते झालं. पण माझी पोर चित्र काढील, तर तिला एवढं विचारा की हे काय काढलंस."

शिक्षकबंधूंनो, आमचें सगळें भाषण तिच्या त्या एका वाक्यांत आलें आहे.